हॉट टबचा ब्रेकर पडतो तेव्हा

घराच्या मागच्या अंगणात, उघड्यावर, चाळीस अंशांपर्यंत तापलेलं दीडेक हजार लिटर पाणी. त्यात बसलेली माणसं. आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर, टबाच्या बाजूच्या पॅनेलआड, २४० व्होल्टची वीज. पाणी आणि वीज इतक्या जवळ नांदवायची तर मध्ये कुणीतरी सतत पहाऱ्यावर हवं. ते काम एक ब्रेकर करतो. म्हणूनच हॉट टबची विजेची बहुतेक दुखणी आधी याच ब्रेकरमधून कळतात: टब बंद पडलेला, पॅनेलवरचे आकडे गायब आणि भिंतीवरच्या पेटीत ब्रेकरचा खटका खाली आलेला.

अमेरिका आणि कॅनडात घरामागचा हॉट टब ही नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. न्यू जर्सीपासून सिअ‍ॅटलपर्यंत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या अंगणांतही तो दिसतो. ब्रेकर पडायला लागला की ओळखीपाळखीतून तीन उपाय सुचवले जातात. एक, परत परत रीसेट करत राहा. दोन, जास्त अँपिअरचा ब्रेकर बसवा. तीन, हा 'नाजूक' ब्रेकर काढून साधा लावा. पहिल्या उपायानं वेळ वाया जातो, दुसऱ्यानं भिंतीतल्या तारा जळू शकतात आणि तिसऱ्यानं माणूस दगावू शकतो. हे तिन्ही टाळून दोष शोधायचा एक सरळ मार्ग आहे. ब्रेकर नेमका कधी पडतो ते टिपायचं आणि टबातला एकेक भाग बाजूला काढत गुन्हेगारापर्यंत पोचायचं. ब्रेकर पडण्याची वेळ नीट सांगता आली, तर निम्मं निदान तिथेच झालेलं असतं.

पॅनेलआड काय असतं

या टबाचा इतिहास पंपापासून सुरू होतो. इटलीतून कॅलिफोर्नियात आलेल्या जकूझी बंधूंचा पंप बनवण्याचा व्यवसाय होता. त्यांच्यापैकी कँडिडो जकूझी यांच्या मुलाला लहानपणीच संधिवात जडला. त्याला घरच्या घरी जलोपचार मिळावेत यासाठी घडवलेला, बाथटबात ठेवायचा 'जे-३००' हा पंप १९५६ मध्ये आला. पुढे १९६८ मध्ये याच घराण्यातल्या रॉय जकूझी यांनी पाण्याचे फवारे आणि पंप टबाच्या रचनेतच सामावून घेतले. वीज आणि अंघोळीचं पाणी कायमचं एका चौकटीत आलं ते तिथून.

आजच्या बाहेर ठेवायच्या टबाच्या पॅनेलआड पाहिलं तर साधारण एवढी मंडळी सापडतात: फवाऱ्यांना जोर देणारा मोठा पंप, पाणी सतत फिरतं ठेवणारा छोटा पंप, हीटर, बुडबुड्यांसाठी हवा फुंकणारा ब्लोअर, पाणी निर्जंतुक करायला मदत करणारा ओझोनेटर, पाण्याखालचा दिवा, तापमान मोजणारे सेन्सर आणि या सगळ्यांना हुकूम देणारं कंट्रोल पॅक, म्हणजे सर्किट बोर्ड असलेली पेटी.

अमेरिकेत मोठ्या टबाला बहुधा चार तारा येतात. दोन फेजच्या, एक न्यूट्रल आणि एक अर्थ. प्रत्येक फेज आणि न्यूट्रल यांच्यात १२० व्होल्ट असतात. दोन फेजच्या आपापसात २४०. हीटर आणि मोठा पंप बहुतेक टबांत २४० वर चालतात. ओझोनेटर आणि छोटा पंप काही टबांत १२० वर, तर काहींत २४० वर. ही विभागणी लक्षात ठेवावी, कारण अर्धा टब चालू आणि अर्धा बंद असं दिसतं तेव्हा त्याचं उत्तर बरेचदा इथेच असतं.

हीटर ५.५ किलोवॅटचा असला तर तो एकटाच जवळपास २३ अँपिअर ओढतो. त्यात पंपांची भर पडते. म्हणून अशा टबांसाठी ५० अँपिअरचा स्वतंत्र ब्रेकर आणि त्याला साजेशी जाड तांब्याची तार सर्रास वापरतात. एवढी ताकद लावूनही दीड हजार लिटर पाणी तासाला तीनेक अंशच तापतं. 'दोन तास झाले तरी टब गरम होत नाही' ही तक्रार प्रत्येक वेळी बिघाडाची नसते, हे त्यावरून कळावं.

पाच मिलिअँपिअरचा हिशेब

साधा ब्रेकर तारेची राखण करतो. ५० अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह वाहू लागला किंवा शॉर्ट झालं की तो पडतो. माणसाचा जीव घ्यायला मात्र इतका प्रवाह लागत नाही. कोरड्या त्वचेचा रोध हजारो ओहम असू शकतो, पण पाण्यात भिजलेल्या शरीराचा रोध एक हजार ओहमच्या आसपास उतरतो. १२० व्होल्टच्या तारेतून अशा शरीरात सुमारे १२० मिलिअँपिअर शिरतील. हृदयाची लय बिघडवायला तेवढे पुरेसे आहेत. साध्या ५० अँपिअरच्या ब्रेकरला याचा पत्ताही लागणार नाही, कारण त्याच्या मर्यादेच्या चारशेव्या भागाइतकाही हा प्रवाह नाही.

ही उणीव भरून काढली चार्ल्स डॅल्झिएल यांनी. ते बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. विजेचा धक्का माणसाच्या शरीरात नेमकं काय करतो, किती प्रवाहानंतर हाताचे स्नायू आखडून पकडलेली तार सोडवत नाही, यावर त्यांनी वर्षानुवर्षं प्रयोग केले. या अभ्यासातून १९६१ मध्ये त्यांनी एक साधन घडवलं. त्याला आज अमेरिकेत जीएफसीआय म्हणतात.

त्याचं काम दुकानदार संध्याकाळी गल्ल्याचा मेळ घालतो तसं चालतं. एका तारेनं जितका प्रवाह टबाकडे गेला, तितकाच दुसरीनं परत यायला हवा. परत येताना थोडाही कमी भरला, तर तो वाटेत कुठेतरी गळाला. कदाचित हीटरच्या आवरणातून पाण्यात, कदाचित मोटरच्या धातूत, कदाचित एखाद्या माणसाच्या अंगातून जमिनीत. माणसांच्या रक्षणासाठीचा जीएफसीआय चार ते सहा मिलिअँपिअरची तूट दिसताच सेकंदाच्या अगदी छोट्या अंशात वीज तोडतो. गळती कुठून झाली याची चौकशी तो करत बसत नाही, आणि म्हणूनच जीव वाचतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेत या संरक्षणाचा पहिला उल्लेख १९६८ मध्ये, पोहण्याच्या तलावातल्या पाण्याखालच्या दिव्यांच्या संदर्भात आला. रॉय जकूझी यांनी पंप टबात बसवला तेच हे साल. आज त्या संहितेतलं ६८० वं कलम तलाव, टब आणि कारंज्यांपुरतं आहे. टबाला जीएफसीआय संरक्षण आणि टबापासून किमान पाच फूट लांब, पण टबाजवळून दिसेल अशी वीज तोडण्याची पेटी, हे नियम त्यातलेच.

पॅनेल उघडण्याआधी

दोष शोधण्याआधी सगळ्यांना पाण्याबाहेर काढा आणि त्या पेटीतला ब्रेकर स्वतः बंद करा. टबाच्या वरच्या पॅनेलवरचं बटण दाबून टब 'बंद' केला, तरी आतल्या तारांमध्ये वीज असते. ब्रेकर बंद केल्यावरही पेटीतल्या येणाऱ्या तारा जिवंतच राहतात. त्या थांबवायच्या तर घरातल्या मुख्य पॅनेलमधला ब्रेकर पाडावा लागतो. पंपाच्या मोटरवरचा कपॅसिटर वीज तोडल्यावरही काही काळ भारलेला राहू शकतो.

भारतात विजेचं काम बघत किंवा करत वाढलेल्यांनी आणखी एक गोष्ट पक्की मनात ठेवायला हवी. आपल्याकडे घराघरात काळी तार न्यूट्रल असते आणि लाल, पिवळी, निळी यांपैकी एखादी फेज. अमेरिकेत काळी आणि लाल तार फेजची असते, न्यूट्रल पांढरी आणि अर्थ हिरवी किंवा उघडी तांब्याची. हाताला लागलेली जुनी सवय इथे थेट जिवंत तारेवर नेते. भारतात उत्तम वायरिंग केलेल्या माणसानंही हा फरक आठवल्याशिवाय पेचकस उचलू नये.

मालकानं स्वतः काय करावं याची सीमा मी इथे आखतो: ब्रेकर कधी पडतो ते टिपणं, फिल्टर काढून पाहणं, वीज तोडून बाजूचं पॅनेल उघडून डोळ्यांनी पाहणं आणि ब्रेकरवरचं टेस्ट बटण दाबणं. चालू विजेत मीटर लावणं, तारा सोडवणं, हीटर बदलणं हे परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं किंवा टब दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञाचं काम आहे. पुढचं विवेचन वाचायचं ते त्यांच्याशी नीट बोलता यावं आणि चुकीच्या दुरुस्तीचे पैसे जाऊ नयेत यासाठी.

कधी पडतो, हाच पहिला प्रश्न

रीसेट करताक्षणी ब्रेकर पडला, खटका वर टिकलाच नाही, तर तीन शक्यता असतात: कुठेतरी थेट शॉर्ट आहे, जोडणी चुकली आहे किंवा ब्रेकरच निकामी झाला आहे. इलेक्ट्रिशियन अशा वेळी ब्रेकरवरून टबाकडे जाणाऱ्या तारा सोडवून पाहतो. तारा नसतानाही ब्रेकर पडला, तर टब निर्दोष आणि ब्रेकर दोषी. पावसापाण्यात वर्षानुवर्षं उभ्या पेटीतले जीएफसीआय ब्रेकर झिजतात, त्यामुळे ही शक्यता दूरची नाही.

नुकताच बसवलेला टब पहिल्याच दिवशी पडत असेल, तर जोडणीकडे बघावं. जीएफसीआय ब्रेकरला एक वेटोळी पांढरी तार असते; ती पेटीतल्या न्यूट्रल पट्टीला जोडायची असते. टबाकडून येणारी न्यूट्रल मात्र पट्टीला न जोडता थेट ब्रेकरवर जोडावी लागते. ती चुकून पट्टीला लागली, तर परतणारा प्रवाह ब्रेकरच्या मोजणीतून जातच नाही. मग टबात १२० व्होल्टवर चालणारं काहीही सुरू झालं, की ब्रेकरला तूट दिसते आणि तो पडतो. दुसरी तितकीच प्रचलित चूक म्हणजे ब्रेकरच्या पुढे, टबाच्या बाजूला, न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडून टाकणं. परतणारा काही प्रवाह मग अर्थच्या वाटेनं निघून जातो आणि हिशेब पुन्हा चुकतो. दोन्ही प्रसंगी टब ठणठणीत असतो. चुकलेली असते ती दोन तारांची जागा.

ब्रेकर चालू केल्यावर टब व्यवस्थित सुरू होतो, पंप फिरतो, आणि मिनिटभरात हीटर लागला की ब्रेकर पडतो? संशय हीटरवर. मोठ्या पंपाचा वेग वाढवला की पडतो? संशय त्या पंपावर. दिवा लावला की पडतो? दिव्याच्या खोबणीत पाणी शिरलंय का बघा. पावसानंतरच पडतो आणि उन्हात आपोआप बरा होतो? नळीतून, पेटीतून किंवा पॅनेलच्या सांध्यांतून आत जाणारं पाणी शोधा. रोज ठरावीक वेळी पडतो? मग फिल्टर-चक्र कोणत्या वेळी लावलं आहे ते तपासा; त्या वेळी जो भाग आपोआप सुरू होतो, संशयित तोच.

यानंतर तंत्रज्ञ वीज तोडून एकेक भाग कंट्रोल पॅकपासून सोडवतो. आधी ओझोनेटर, मग ब्लोअर, मग पंप, मग हीटर. प्रत्येक वेळी पुन्हा वीज देऊन पाहतो. जो भाग सोडवल्यावर ब्रेकर टिकतो, दोष त्यात. ओझोनेटरचा नंबर पहिला लावण्याला कारण आहे. त्याच्या नळीतली एकतर्फी झडप निकामी झाली की टबातलं पाणी उलटं चढून थेट त्याच्या विजेच्या भागात पोचतं. शिवाय त्याच्याशिवाय टब काही दिवस सहज चालतो.

हीटर: सर्वांत मोठा संशयित

हीटरचं एलिमेंट म्हणजे आपल्या गिझरच्या कॉइलचंच भावंड. बाहेर स्टेनलेस स्टील, इन्कोलॉय किंवा टायटॅनियमची नळी, आत तापणारी निक्रोमची तार, आणि दोहोंच्या मध्ये ठासून भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड. ही पूड उष्णता बाहेर जाऊ देते, वीज जाऊ देत नाही. मात्र ती ओलावा झपाट्यानं शोषते. बाहेरच्या नळीला सुईच्या टोकाएवढं छिद्र पडलं तरी पाणी आत शिरतं, पूड ओली होते आणि तिच्यातून वीज पाण्याकडे गळू लागते. हीटर पाणी तापवतच असतो, म्हणून तो बिघडलाय यावर मालकाचा विश्वास बसत नाही. जीएफसीआयला ती गळती दिसलेली असते.

तपासणी दोन मोजमापांची आहे. वीज तोडून, हीटरच्या दोन्ही तारा सोडवून, त्याच्या दोन टोकांमधला रोध मोजायचा. २४० व्होल्टवरच्या ५.५ किलोवॅट हीटरला तो सुमारे साडेदहा ओहम मिळाला पाहिजे, ४ किलोवॅटच्या हीटरला १४.४. अनंत रोध आला तर आतली तार तुटलेली आहे; असा हीटर तापत नाही, पण ब्रेकरही पाडत नाही. दुसरं मोजमाप कोणतंही एक टोक आणि बाहेरची धातूची नळी यांच्यातलं. इथे रोध मोजता येऊ नये इतका मोठा हवा. साधा मल्टिमीटर फसवा निर्दोषपणा दाखवू शकतो, कारण तो अगदी कमी व्होल्टेजवर मोजतो. जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारा मेगर खरं सांगतो.

दोन्ही तारा सोडवायच्या यालाही कारण आहे. काही कंट्रोल पॅकमध्ये रिले, म्हणजे बोर्डावरचा स्विच, हीटरची एकच फेज तोडतो आणि दुसरी कायम जोडलेली राहते. 'हीटर बंद असतानाही ब्रेकर पडतो' म्हणून एलिमेंट सुटलं असं समजू नये.

नळीला छिद्र पडतं ते बहुतेक वेळा पाण्याच्या रसायनामुळे. पाण्याचा पीएच ७.२ ते ७.८ च्या दरम्यान असावा. तो सतत खाली राहिला तर पाणी आम्लधर्मी होऊन धातू खातं. सतत वर राहिला आणि पाणी जड असलं तर एलिमेंटवर क्षारांचा थर बसतो. थराखाली उष्णता कोंडते आणि एलिमेंट आतून भाजत जातं. पोहण्याच्या तलावासाठी मिळणाऱ्या ट्रायक्लोरच्या गोळ्या टबात तरंगत ठेवणं अशासाठीच घातक: त्या अतिशय आम्लधर्मी असतात आणि टबाचं पाणी तलावाच्या मानानं थोडंसंच असतं. पाणी आठवड्यातून दोनदा तपासण्याचा कंटाळा केला, की त्याची किंमत हीटरच्या रूपानं मोजावी लागते.

पंप, तारा आणि उंदीर

मोठा पंप नुसता घुमतो आणि फिरत नाही, तर एक शक्यता कपॅसिटर गेल्याची, दुसरी बेअरिंग किंवा पंख्यात काही अडकल्याची. फिरतो, पण ब्रेकर पाडतो, तर मोटरच्या दांड्याजवळ बघावं. तिथे पांढुरका क्षारांचा थर किंवा ओल दिसली, तर पाणी रोखणारं सील गळतंय. आज थेंब थेंब गळणारं पाणी काही महिन्यांत बेअरिंगमध्ये आणि वाइंडिंगमध्ये पोचतं. सील वेळेत बदललं तर मोटर वाचते.

थंडीत टबाच्या पोटात आसपासच्या उंदरांना आयतं उबदार घर मिळतं. ते इन्सुलेशन कुरतडून घरटं करतात आणि तारांचं आवरण खातात. मुंग्या कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे मोठा प्रवाह जोडणाऱ्या स्विचच्या, फटीत शिरून संपर्क जुळू देत नाहीत. हिवाळ्याच्या आधी पॅनेल उघडून टॉर्चनं एकदा नजर टाकली, लेंड्या, कुरतडलेल्या तारा, भाजल्याचे काळे डाग शोधले, तर पुढचे बरेच प्रश्न टळतात. भाजल्याच्या डागाकडे विशेष लक्ष द्यावं. टर्मिनलचा स्क्रू सैल असला की तिथला रोध वाढतो, २०-४० अँपिअरच्या प्रवाहात ती जागा तापते, तापून आणखी सैल होते, आणि शेवटी प्लॅस्टिक वितळतं. ही गळती नव्हे, त्यामुळे जीएफसीआय इथे गप्प राहतो. दोष दिसतो तो फक्त डोळ्याला आणि नाकाला.

ब्रेकर टिकतो, तरीही टब चालत नाही

पॅनेलवर दिवा आहे, पंप फिरतो, पण पाणी गार. अशा वेळी दोनपैकी एक फेज हरवली आहे का हे इलेक्ट्रिशियन पाहतो. दोन फेजमध्ये २४० आणि प्रत्येक फेज ते न्यूट्रल १२० मिळाले पाहिजेत. एका बाजूला १२० आणि दुसरीकडे काहीच नाही, तर एका फेजची वाट तुटली आहे. १२० वर चालणारी मंडळी जिवंत फेजवर चालत राहतात, २४० मागणारा हीटर मात्र बसून राहतो. बोर्ड बदलायला सांगितलं जातं तेव्हा आधी हे मोजमाप झालं आहे का, हे मालकानं जरूर विचारावं.

पॅनेलवर प्रवाहाची सूचना आली, म्हणजे 'एफएलओ' किंवा तत्सम अक्षरं दिसली, तर बिघाड विजेचा वाटला तरी बरेचदा पाण्याचा असतो. हीटरमधून पुरेसं पाणी वाहत नसेल तर कंट्रोल पॅक त्याला सुरूच होऊ देत नाही. फिल्टर काढून टब चालवून पाहावा. सूचना गेली, तर फिल्टर तुंबला आहे. नुकतंच पाणी बदललं असेल तर नळ्यांमध्ये हवा अडकलेली असते. ती काढली की टब चालू लागतो.

'ओएच' ही अतितापमानाची सूचना. अमेरिकेत टबाच्या पाण्याची कमाल मर्यादा १०४ फॅरनहाइट, म्हणजे ४० सेल्सिअस मानली जाते. त्याच्या वर तापमान चढलं तर पाण्यात उतरू नये, झाकण उघडून वीज तोडावी. कारण सेन्सरचं असू शकतं किंवा रिलेचे संपर्क एकमेकांना चिकटून हीटर अखंड चालू राहण्याचंही. कडक उन्हाळ्यात, भरपूर इन्सुलेशन असलेल्या टबात, फिरत्या पंपाची स्वतःची उष्णताही पाणी तापवत राहते. तिथे फिल्टर-चक्र कमी करणं पुरतं.

मिनेसोटासारख्या राज्यात हिवाळ्यात टब बंद पडणं हे वेगळंच संकट असतं. पारा शून्याच्या खाली गेला की नळ्यांतलं पाणी गोठून प्रसरण पावतं आणि नळ्या, पंपाचं आवरण फुटतं. दुरुस्तीला उशीर होणार असेल तर झाकण घट्ट लावावं आणि तंत्रज्ञाशी बोलून टब पूर्ण रिकामा करण्याची तयारी ठेवावी. या घाईतच जीएफसीआय काढून टाकण्याचा मोह होतो. पंप नवा आणता येतो, हे त्या क्षणी स्वतःला बजावावं.

पाण्यात झिणझिण्या आल्या तर

टबाच्या पाण्यात हात घातल्यावर किंवा जवळच्या कठड्याला धरल्यावर झिणझिण्या आल्या, तर दोष शोधत बसू नका. सगळ्यांना धातूला स्पर्श न करता बाहेर काढा, मुख्य वीज तोडा, इलेक्ट्रिशियनला बोलवा. हे लक्षण अर्थ किंवा समविभव जोडणी तुटल्याचं, किंवा वीजपुरवठ्याच्या न्यूट्रलमध्ये बिघाड असल्याचं असू शकतं. समविभव जोडणी म्हणजे टबाजवळच्या धातूच्या सर्व वस्तू जाड तांब्याच्या तारेनं एकमेकींना जोडणं. त्यामुळे पाणी, कठडा आणि शिडी यांच्यात व्होल्टेजचा फरक उरत नाही, आणि फरक नसला की शरीरातून प्रवाह वाहत नाही.

काहीजण अशा वेळी टबाशेजारी जमिनीत एक अर्थ-रॉड ठोकण्याचा सल्ला देतात. गणित केलं तर त्यातला धोका उघड होतो. रॉड आणि जमीन यांचा रोध २५ ओहम धरला, तर १२० व्होल्टच्या दोषात त्यातून पाच अँपिअरही वाहणार नाहीत. ५० अँपिअरचा साधा ब्रेकर त्यावर कधीच पडणार नाही आणि टबाचा धातू तसाच भारलेला राहील. वीज तोडायला जमीन पुरत नाही. त्यासाठी परत पॅनेलपर्यंत जाणारी अर्थची तार आणि जीएफसीआय दोन्ही हवेत.

लोणावळ्यात आणि गोव्यात

हेच गणित आपल्याकडे अधिक कठोर होतं. लोणावळ्याच्या, अलिबागच्या, गोव्याच्या व्हिलांमध्ये आता उघड्यावरचे टब बसतात. इथे पुरवठा २३० व्होल्टचा, आणि जीएफसीआयचं काम करतो तो आरसीसीबी. माणसांच्या रक्षणासाठी तो ३० मिलिअँपिअरचा असावा लागतो. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचे आरसीसीबी आगीपासून संरक्षण देतात, पाण्यात बसलेल्या माणसाला नाही. व्हिलाच्या मुख्य बोर्डावर आरसीसीबी आहे एवढं ऐकून समाधान मानू नये; त्यावर छापलेला आकडा वाचावा आणि टबाला स्वतंत्र आरसीसीबी मागावा.

कोकण आणि गोव्यातल्या जांभ्याच्या जमिनीत चांगलं अर्थिंग मिळवणं अवघड, आणि उन्हाळ्यात ती जमीन कोरडी पडली की अर्थिंग आणखी कमजोर होतं. खारट हवा टर्मिनल गंजवते. शिवाय थ्री-फेज जोडणीत न्यूट्रल तुटला, तर एकेका फेजवरच्या उपकरणांवर २३० ऐवजी कितीतरी जास्त व्होल्टेज चढू शकतं. एका क्षणात कंट्रोल बोर्ड जळतो. अमेरिकन बाजारासाठी बनवलेला टब इथे आणला तर ६० हर्ट्झची मोटर ५० हर्ट्झवर हळू फिरते आणि तापते. आणण्याआधी त्यावरची पाटी वाचावी.

इलेक्ट्रिशियनला काय सांगायचं

'टब बंद पडतो' या एका वाक्यावर कुणीही अचूक दुरुस्ती करू शकत नाही. ब्रेकर रीसेट केल्यावर किती वेळानं पडला, तेव्हा कोणता भाग चालू होता, पाऊस होता का, पाणी कधी बदललं, पीएच किती होता, पॅनेलवर कोणती अक्षरं दिसली, हे सहा मुद्दे कागदावर लिहून द्या. टबाच्या आणि ब्रेकरच्या पाटीचे फोटो पाठवा. बदललेला जुना भाग परत मागा आणि तो का बिघडला ते विचारा, कारण हीटर रसायनामुळे गेला असेल तर नवाही त्याच वाटेनं जाईल.

आणि महिन्यातून एकदा, टब रिकामा असताना, ब्रेकरवरचं टेस्ट बटण दाबा. खटका ताबडतोब पडला पाहिजे. पडला नाही, तर टब कितीही छान चालत असो, तो ब्रेकर बदलेपर्यंत कुणालाही त्या पाण्यात उतरू देऊ नका. सारखा पडणारा ब्रेकर त्रास देतो, पण त्याची चौकशी करता येते. वेळेला न पडणाऱ्या ब्रेकरचा दोष कळतो तो अपघातानंतर, आणि टाळता येण्याजोगा तो एक अपघात दर महिन्याच्या या एका बटणानं टळतो.